चमच्याची पाठ

चमचा आधी पालथा घालायचा.
समोरून सगळेच सज्जन दिसतात.

हे मला विन्थ्रॉप सेल्डनने शिकवलं,
न्यू हॅम्पशरमधल्या एका चर्चच्या तळघरात,
मार्चमध्ये, रस्त्यांचा राडा झालेला असताना.
लोक बूट दारात काढून
नुसत्या मोज्यांवर आमच्या टेबलाशी येत,
हातात खोके, फडक्यांची बोचकी,
आणि आधीच पुटपुटत, "फार काही नसेल बहुतेक."

इंग्लंडचं सोपं, तो म्हणायचा.
तिकडे सिंह असतो, सालाचं अक्षर असतं,
राज्य स्वतः साक्षीला उभं.
इकडे कोण होतं?
बोटाएवढा पोलादी ठसा,
त्यावर उलटं कोरलेलं नाव,
हातोडीचा एक घाव,
बाकी गावाचा विश्वास.
पुढे काहींनी तारे मारले, मुंडकी मारली, गरुड मारले,
माल विलायती वाटावा म्हणून.
"गरुड दिसला," विन्थ्रॉप म्हणे, "की खिसा चाचपायचा."

डोरीन प्लमर शाळेची बस चालवायची.
लोकरीच्या हातमोज्यातून तिने पाच चमचे काढले.
सहावा?
"भावाकडे. आमचं बोलणं नाही."

मी भिंग लावलं.
दांड्याच्या मुळाशी, मान बारीक होते तिथे,
दातेरी कडांचा चौकोन,
आत ई, ठिपका, टी.
वहीत सापडलं लगेच:
एलिफलेट ट्युक्सबरी. घड्याळं, बुटांची बकलं, चमचे.
१८०९ साली नदीवरचा बर्फ फुटून
घोड्यासकट गेला.

मग चमचा सरळ केला.
वर आडनावाचं अक्षर, खाली नवरा-बायकोची दोन,
आणि लग्नाचं साल
१८१४.

मी हुशारी केली.
म्हणालो, साल मागाहून कोरलं असणार.
विन्थ्रॉप काहीच बोलला नाही.
त्याने आपल्या डब्यातला एक चमचा काढला,
एलिफलेटचाच, जुना,
आणि दोन्ही पाठी शेजारी ठेवल्या.

तोच ई. तोच टी.
पण डोरीनच्या टीच्या पायाशी
केसाएवढी रेघ.
ठसा तडकलेला.

पोलाद तडकतं, सांधत नाही.
म्हणजे हे पाच नंतरचे.
म्हणजे मालक नदीत गेल्यावरही
त्या भट्टीशी कुणीतरी घाव घालत होतं.

समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं:
पत्नी, एक्सपीरियन्स.
म्हणजे अनुभव. ठेवत तशी नावं तेव्हा.
तिचाही ई.
तिला नवा ठसा कोरावा लागला नाही.
गावाच्या करवहीत ती नुसती
"ट्युक्सबरीची विधवा, एक गाय, एक भट्टी."

हातोडी तिच्याच हातात होती,
की पगारी कारागीर ठेवला होता,
कोण सांगणार?
पाचही ठसे जरा डावीकडे कललेले आहेत.
एलिफलेटचा सरळ.
एवढंच.

डोरीनने किंमत विचारली.
"चमच्याला चाळीस डॉलर. फार तर पंचेचाळीस."
ती थोडा वेळ हातमोजा चुरगाळत राहिली.
"आणि सहावाही डावीकडे कललेला असेल तर?"
"तर किंमत तेवढीच," विन्थ्रॉप म्हणाला,
"पण मला झोप लागेल."

त्या संध्याकाळी वहीत त्याने नावाखाली
दुसरं नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
शाई नाही वापरली. कधीच वापरायचा नाही.

आता वही माझ्याकडे आहे.
जूनमध्ये पाकीट आलं तेव्हा तो नव्हता.
आत एक फोटो, भावाने काढलेला:
चमचा पालथा, खिडकीचा उजेड थेट चांदीवर,
ठशाच्या जागी नुसता पांढरा डाग.
कललेला की सरळ,
काही म्हणता काही कळत नाही.

कडेला चमचा धरलेला त्याचा अंगठा मात्र
रेघन् रेघ स्पष्ट आलाय.